परदेशी भाषेत पदवी घेतलीत, पुढे काय झालं? अनुभव लिहा

भाची यंदा बारावी झाली. तिला जर्मन घेऊन बी.ए. करायचं आहे. तिच्या वडिलांचं म्हणणं, भाषा हा जोडधंदा, डिग्री दुसरी हवी. ज्यांनी भाषा शिकून त्यावर पोट भरलं, किंवा ज्यांचं भरलं नाही, त्यांनी लिहा. पगाराचे आकडे नकोत, दिवसभर नेमकं काय काम करावं लागतं ते हवं.

जर्मन, पुणे
बी.ए. आणि मग रानडे इन्स्टिट्यूटमधून एम.ए. काफ्का, ब्रेख्त असे जर्मन भाषेतले मोठे लेखक वाचले आणि पहिली नोकरी लागली हिंजवडीत, जर्मन पुरवठादारांची बिलं तपासायची! हसू नका, बरोबरच्या इंग्रजीवाल्यांपेक्षा पगार बरा होता. अडचण पुढे येते. बढतीच्या वेळी जर्मन कुणी विचारत नाही, हिशेब आणि सॅप (कंपन्यांचं हिशेब-कारभाराचं सॉफ्टवेअर) येतं का ते विचारतात. मी सॅप शिकले म्हणून टिकले. मुलाखतीतही एम.ए.चे मार्क कुणी पाहिले नाहीत, भाषेची पातळी बी२ झालीय की त्यावरची सी१ एवढंच विचारलं. मॅक्स म्युलर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेची परीक्षा डिग्रीसोबतच उरकून घ्यावी.

रशियन, निवृत्त
१९८०च्या दशकात शिकलो. सोव्हिएत पुस्तकं अगदी स्वस्त मिळायची, भाषांतराची कामंही असत. १९९१मध्ये तो देशच राहिला नाही आणि कामं आटली. मी बँकेची परीक्षा दिली. आता ओळखीतल्या एकाला औषध कंपनीत निर्यातीच्या कागदपत्रांचं रशियन काम मिळालंय. भाषेला भाव त्या देशाशी आपला व्यापार किती यावर ठरतो, हे भाचीला सांगा.

जपानी, चाकण
माझा रस्ता उलटा. डिग्री मेकॅनिकलची, जपानी संध्याकाळच्या वर्गात. जेएलपीटी, म्हणजे जपानीची परीक्षा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, सोप्या एन५पासून अवघड एन१पर्यंत, पण तिच्यात बोलण्याची परीक्षाच नाही! एन२चं सर्टिफिकेट घेऊन कारखान्यात उभा राहिलो तेव्हा त्याचा अर्थ कळला. एका बाजूला जपानी तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला आपला सुपरवायझर, मधे मी. साहेब विचारतात, ‘कधी होईल?’ आपला माणूस म्हणतो, ‘करून टाकू ना.’ आता तारीख मी कुठून आणू? दुभाष्याचं निम्मं काम असं माणसांकडून नेमकं उत्तर काढण्याचं असतं. डाय (साचा), टॉलरन्स (मापात चालणारा फरक), रिजेक्शन (नापास माल) हे आधीपासून माहीत होतं म्हणून निभावलं. जपानीत एम.ए. केलेली सहकारी माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने बोलायची, पण यंत्राच्या भागाचं ड्रॉइंग समोर आलं की अडायची. वर्षभरात ती ड्रॉइंग वाचायला शिकली. आज ती माझी बॉस आहे, माझं जपानी मात्र होतं तिथेच आहे. तेव्हा भावोजींचं सगळंच बरोबर आहे असं नाही.

फ्रेंच, मुंबई
सीबीएसई शाळेत शिकवते. काम आवडतं, पण बी.एड.शिवाय शाळेत कायम होणं अवघड. शिवाय २०२०च्या शैक्षणिक धोरणात तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय हव्यात असं आहे. स्टाफरूममध्ये तो विषय निघाला की आम्हा फ्रेंच-जर्मनवाल्यांच्या पोटात गोळा येतो.

स्पॅनिश, घरून भाषांतर
हल्ली यंत्राने केलेलं भाषांतर तपासायला येतं, दर आधीच्या निम्म्यावर. करार आणि वैद्यकीय कागद अजून त्यातल्या त्यात बरे.

पोर्तुगीज, फोंडा
इथे कुणी लिहील असं वाटलं नाही, म्हणून मीच लिहितो. गोव्यात जमिनीचे जुने दस्त, जन्म-लग्नाच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत. कोर्टाला लागतात, वारसाहक्काला लागतात, पोर्तुगालचं नागरिकत्व मागणाऱ्यांना तर लागतातच. छापील मजकूर सोपा, खरा कस जुन्या हस्ताक्षराचा. एकेका शब्दावर भिंग घेऊन बसावं लागतं. विद्यापीठात हे फारसं कुणी शिकवत नाही, एका वयस्कर वकिलांकडे बसून शिकलो. माणसं कमी असल्याने काम अंगावर येतं, पण वेळेवर पैसे देणारं गिऱ्हाईक मिळणं वेगळं. आता मी अर्धे आधी घेतो.