मदत हवी आहे: मशरूमसाठी दादाने डिप्रेशनच्या गोळ्या बंद केल्यात

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय, जरा लांबेल.

मोठा भाऊ चार वर्षं डिप्रेशनच्या गोळ्यांवर आहे, सध्या एस्सिटालोप्राम आणि जोडीला लिथियम. फरक काय, तर उठतो, दुकानात जाऊन बसतो, बस. रविवारी पोहे-जलेबीसाठी सगळ्यांना उठवणारा माणूस होता हा. आता पुण्याचा एक मित्र त्याला सिलोसायबिनचे (काही मशरूममधलं भास घडवणारं द्रव्य, डिप्रेशनवर त्याच्या ट्रायल चालतात) व्हिडिओ पाठवतो आणि दोघांचं कोडाईकनालला जाऊन ते मशरूम खायचं घाटतंय. वहिनी स्ट्रिपवर प्रत्येक गोळीमागे पेनाने वार लिहून ठेवते, परवा बंडीच्या खिशात स्ट्रिप सापडली तर मंगळवारपासूनचे सगळे वार जागच्या जागी! विचारलं तर शांतपणे म्हणतो, ट्रायलमध्ये पण आधी दोन आठवडे गोळ्या बंदच करतात.

खोटं नाही ते. २०२२ च्या मोठ्या ट्रायलमध्ये २५ मिलिग्रॅमच्या एकाच डोसने तीन आठवड्यांत ३७ टक्के लोकांना चांगला फरक पडला, बारा आठवडे टिकला मात्र २० टक्क्यांनाच. पण तिथे गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीत बंद केल्या, डोसच्या दिवशी थेरपिस्ट तासन्‌तास शेजारी बसून. शिवाय बऱ्याच ट्रायल्समध्ये जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया असेल तर घेतच नाहीत. आमच्या काकांना होता (घरात "काका जरा वेगळे होते" एवढंच म्हणायचं). लिथियमवर असताना असले मशरूम घेऊन फिट आल्याच्या केसेस आहेत, आणि आपल्याकडे एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे तो वेगळाच.

नुसतं "नको" म्हटलं तर मला सांगायचंच बंद करेल, कारण चार वर्षांत पहिल्यांदा त्याने कशाची तरी वाट बघितलीय. डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात, तेही दादासमोर. त्याच्या पाठीमागे त्यांना सांगू का? आणि डॉक्टरांच्या देखरेखीत केटामाइन (भुलीचं औषध, डिप्रेशनवरही देतात) कुणी घेतलंय का, त्याला तोच मार्ग सुचवता येईल का?

प्रतिसाद: ताई, केटामाइनचं नंतर बघू. लिथियम एकदम तोडलं तर आजार उसळून येतो, जिवावर बेतू शकतं. आजच डॉक्टरांना फोन करा, काकांचंही सांगा. रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे.

धागाकर्ती: केला फोन. उद्या साडेअकराला बोलावलंय. रक्तातली लिथियमची लेव्हल तपासायचीच होती, त्या निमित्ताने नेतेय.