रासेयोचे तास भरायला येणारी मुलं वस्तीच्या वर्गावर घ्यावीत का?

फळा-खडू
आधी परिस्थिती. वस्तीतल्या समाजमंदिरात शनिवार-रविवार संध्याकाळी दोन तास वर्ग चालतो. पाचवी ते आठवीची चाळीसेक मुलं, तासभर वाचन-गणित, मग मैदान. जवळच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेकडून (रासेयो, म्हणजेच एनएसएस) तीस विद्यार्थी देतो असा निरोप आलाय. माझं मत: घेऊ नयेत.

हिशेब बघा. रासेयोच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास भरायचे असतात, दोन वर्षांत २४०. त्या १२० पैकी २० तास उद्बोधनाचे, ३० कॉलेजच्या आवारातले, राहिले ७०. दोन तासांचा वर्ग धरला तर ३५ हजेऱ्या. दोन्ही दिवस आला तर अठरा आठवड्यांत गडी मोकळा. मधे सेमिस्टर परीक्षा, मग दिवाळी, मग सात दिवसांचं विशेष शिबिर. ते कॉलेजने दत्तक घेतलेल्या गावात असतं, म्हणजे त्या आठवड्यात सगळे एकदमच गायब. इकडे आमच्या पोरांची सहामाही ऑक्टोबरात आणि वार्षिक एप्रिलात. ऐन गरजेला वर्गावर कुणी नाही.

तिसरा बाक
असहमत. अठरा आठवडे कमी नाहीत, तुम्ही काम काय देता त्यावर आहे. "सहावीचं गणित घे" असं सांगून नवख्याला सोडलंत तर तो पुस्तकाचं पहिलं पान उघडणार आणि समोरच्या निम्म्यांना हातच्याची वजाबाकीच येत नसणार.

आधी तपासणी करा, एकेका मुलाला बाजूला बसवून. मुलांना वाचता-मोजता किती येतं हे घरोघर जाऊन बघणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात करतात तशी. सुरुवात चार ओळींच्या परिच्छेदापासून. सहज वाचला तर गोष्ट द्यायची. तीनपेक्षा जास्त चुका झाल्या किंवा एकेक शब्द तोडत वाचला तर खाली शब्दांवर. पाचपैकी चार शब्दही जमले नाहीत तर अक्षरांवर. गणितात दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार, एवढं पुरे. मग इयत्ता विसरून पातळीनुसार गट पाडा. आठवीतला मुलगा शब्दगटात बसला तर बसू दे, फक्त गटाला 'शब्दगट' म्हणू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो येत नाही. गटांना नदीचं नाव द्या, किल्ल्याचं द्या.

असं केलं की विद्यार्थ्याला अख्खा विषय यायची गरज नाही. एक पातळी नीट सांभाळता आली की झालं.

वजाबाकी
कागदावर छान आहे. प्रत्यक्षात एकच जागा बघा. "५९ लिही" असं सांगताना आपण 'एकोणसाठ' म्हणतो आणि मूल ६९ लिहितं, कारण कानावर 'साठ' पडतं आणि 'एकोण' म्हणजे शेवटी नऊ हे त्याने पाठ केलेलं असतं. ही चूक निष्काळजीपणाची नाही, पण नवखा दादा "नीट ऐक" म्हणून दटावतो. त्यातले इंग्रजी माध्यमातून आलेले तर स्वतःच 'एकोणऐंशी'ला अडखळतात आणि 'सेव्हन्टी नाइन' म्हणून मोकळे होतात. इथे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि सुट्या नऊ काड्या ठेवायच्या, आधी 'पन्नास नऊ' म्हणायचं, मग 'एकोणसाठ'. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात अशी जोड-वाचनाची पद्धत आली तेव्हा लोकांनी विनोद केले. वर्गावर ती कामाला येते.)

हे शिकवायला किमान दोन संध्याकाळ लागतात. तीस जणांना कोण शिकवणार, आणि अठरा आठवड्यांनी पुन्हा नव्या तिसांना? त्यापेक्षा वस्तीतलीच बारावी झालेली ताई मानधन देऊन नेमा. तिला घरं माहीत असतात, मूल आलं नाही तर ती दारात जाऊन विचारते.

कट्ट्यावरचा
मग दहा वर्गावर घ्या आणि उरलेले मैदानावर पाठवा की.

वजाबाकी
मैदान म्हणजे उरलेल्यांची सोय नव्हे. नियमाने खो-खो खेळायचा तर एका वेळी बारा मुलं लागतात, नऊ पाठलागाला आणि तीन पळायला. पाठलागातले आठ जण आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसवायचे, हे ठाऊक नसलेला दादा शिट्टी घेऊन उभा राहिला की पाचव्या मिनिटाला भांडण. शिवाय मैदानावर सगळे दादाच असतील तर सातवी-आठवीच्या मुली काठावर बसून राहतात.

साडेपाचची लोकल
सुरक्षिततेबद्दल कुणीच बोललं नाही. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, वर्गावर कायम दोघं मिळून, एकट्या मुलाला बंद खोलीत किंवा घरी सोडायला न्यायचं नाही, मुलांशी खासगी फोन-मेसेज नाहीत. पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याचा नुसता संशय आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं कलम २१ खाली गुन्हा. "संस्थेच्या सरांना सांगितलं, माझं काम संपलं" हा समज पहिल्याच दिवशी काढून टाका. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर फळ्याच्या कोपऱ्यात मुलांना दिसेल असा लिहा.

आणि फोटो! अहवालाला फोटो लागतो म्हणून बॅनर धरून मुलांना उभं करतात. पालकांची लेखी संमती नसेल तर पाठमोरे फोटो काढा. तीस जणांवर एवढी नजर एक समन्वयक ठेवू शकत नाही.

फळा-खडू
म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय.

तिसरा बाक
तीस नकोत हे मान्य, एकही नको हे नाही. आठ घ्या. दहा-दहा मुलांचे चार गट, प्रत्येक गटावर जोडी, जोडीत एक पहिल्या वर्षाचा आणि एक दुसऱ्या वर्षाचा. म्हणजे जून उजाडला तरी निम्मे जुने राहतात. प्रत्येक गटाची एक वही: कोण आलं, कोण कुठे अडलं, पुढच्या वेळी काय घ्यायचं. वही लिहिल्याशिवाय त्या दिवसाचे तास त्यांच्या रासेयोच्या डायरीत धरायचे नाहीत, हे कॉलेजात रासेयो सांभाळणाऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आधीच ठरवा. तास भरायचेत ना, मग तेच तुमच्या उपयोगी पडू द्या.

फळा-खडू
वहीचं पटलं. जुलैत आठ घेऊन बघू. पण परीक्षेच्या आठवड्यांत कोण येणार ते त्यांनी आधी लिहून द्यायचं.

वजाबाकी
परीक्षेचं वेळापत्रक विद्यापीठ लावतं आणि ऐनवेळी बदलतंही. विद्यार्थी काय लिहून देणार? ताईचं मानधन आधी अंदाजपत्रकात धरा, मग आठ घ्या नाहीतर अठरा.