'बिस्किट' आणि 'स्कोन': भाषांतरात काय लिहावं?

प्रश्न: अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका कुटुंबाची कथा मराठीत आणते आहे. न्याहारीला त्यांच्याकडे 'बिस्किट्स अँड ग्रेव्ही' असते. 'बिस्किटं आणि ग्रेव्ही' लिहिलं तर आपल्या वाचकाला पार्ले-जी आणि पनीरचा रस्सा दिसेल. त्यापेक्षा 'स्कोन' लिहू का? पदार्थ तोच ना?

उत्तर: 'स्कोन' नको. मैदा, थंड लोणी, बेकिंग पावडर, खमीर नाही, इथवर दोन्ही सख्खी भावंडं. पण अमेरिकी बिस्किटात अंडं नसतं, साखर असलीच तर चिमूटभर. लोण्याऐवजी कित्येकदा डुकराची चरबी, आणि दक्षिणेत पीठ ताकात भिजवतात. तिकडचा मैदा मऊ गव्हाचा, कमी प्रथिनांचा. पीठ तिंबत नाहीत, हलक्या हाताने घड्या घालतात, म्हणून आतून पापुद्रे सुटतात. ग्रेव्ही म्हणजे सॉसेजच्या सुटलेल्या चरबीत मैदा परतून, दूध घालून दाट केलेलं, मिरपुडीचं पांढरं कालवण.

ब्रिटिश स्कोन चहाच्या वेळेचा. किंचित गोड, कधी बेदाणे घातलेला, सोबत जॅम आणि आपल्या सायीच्या जवळचं क्लॉटेड क्रीम. डेव्हनमध्ये आधी क्रीम, मग जॅम. कॉर्नवॉलमध्ये नेमकं उलट. असा स्कोन त्या कुटुंबाच्या ताटात वाढलात, तर वाचक थेट इंग्लंडात जाईल.

शब्दाचं मूळ मात्र फार सुंदर आहे. 'बिस्किट' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, अर्थ 'दोनदा भाजलेलं'. अमेरिकी बिस्किट एकदाच भाजतात! त्या अर्थाला खरा उतरतो तो आपल्या बेकरीतला टोस्ट. पाव भाजायचा, काप करायचे, ते पुन्हा भट्टीत. मी 'बिस्किट-पाव' लिहिलं असतं.

आणखी एक मत: मूळ सविस्तर सांगितलंत, पण 'पाव' पटत नाही. पाव म्हटलं की खमीर आलं, जाळी आली. 'ताकातला चाकवत' म्हणतो तसं पहिल्या उल्लेखात 'ताकातली मऊ बिस्किटं' लिहा, पुढे नुसतं 'बिस्किटं' चालेल. ग्रेव्हीला 'पांढरी ग्रेव्ही' पुरे.

आणि पुढे कधी स्कोन आलाच, तर बोलणारा कुठला ते पाहा. स्कॉटिश माणूस 'स्कॉन' म्हणतो, इंग्लंडात दोन्ही उच्चार ऐकू येतात. स्कॉटलंडच्या राजांचा राज्याभिषेक जिथे होई, त्या गावाचं स्पेलिंग अगदी हेच, पण ते वाचायचं 'स्कून'.

प्रश्नकर्ती: 'ताकातली मऊ बिस्किटं' घेते. कथेतली आजी खरोखरच ताकात पीठ भिजवते.