वर्गांसाठी एसी आणि एअर प्युरिफायरच्या सरकारी निधीचा प्रस्ताव शेरे मारून परत आलाय, मदत हवी आहे

सावली:
नमस्कार मंडळी. शाळा समितीतर्फे १२ वर्गखोल्यांसाठी प्रत्येकी दीड टनाचा एक एसी आणि एक प्युरिफायर मागितला होता. प्रस्ताव तीन शेऱ्यांसह परत आला: "क्षमतेचा आधार जोडलेला नाही", "एसी असताना प्युरिफायरची आवश्यकता स्पष्ट करावी", "आवर्ती खर्चाची तरतूद दाखवावी".
खोली ८ × ६ मीटर, उंची ३.२ मीटर. ३६ मुलं, एक शिक्षक. वरचा मजला, स्लॅबवर थेट ऊन, खिडक्या रहदारीच्या रस्त्याकडे. प्रस्ताव पुन्हा सादर करायला तीन आठवडे आहेत. नेमकं काय बदलू?

झरोका:
दुसऱ्या शेऱ्यापासून सुरुवात करा. त्याचं उत्तर नीट बसलं की पहिलाही सुटतो.
स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची हवा आत आणत नाही. त्याची जाळी जाड धुळीपुरती. तिच्या जागी मर्व्ह १३ (बारीक कण पकडणाऱ्या दर्जाचा) फिल्टर बसवला तर आतल्या पंख्याला तो दाब झेपत नाही, हवा घटते आणि कॉइलवर बर्फ धरतो. प्युरिफायर कण पकडतो, पण कार्बन डायऑक्साइड जिथल्या तिथे राहतो. म्हणजे कामं तीन: गारवा, कण आणि ताजी हवा. तुमच्या प्रस्तावात तिसरं काम कोणाकडेच नाही, आणि एसी लागला की खिडक्या बंद होणार. हे आधी दुरुस्त करा.
ताज्या हवेचा हिशोब अ‍ॅशरे ६२.१ या अमेरिकी वायुवीजन मानकाप्रमाणे: माणशी ५ लिटर प्रतिसेकंद, वर दर चौरस मीटरला ०.६. म्हणजे १८५ + २९ = २१४ लिटर प्रतिसेकंद, तासाला साधारण ७७० घनमीटर. खोलीचं घनफळ १५४ घनमीटर, तेव्हा हे तासाला ५ एअर चेंज झाले, म्हणजे खोलीभर हवा तासात पाचदा. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने मे २०२३ मध्ये किमान ५ एअर चेंजचं लक्ष्य सुचवलं होतं. मात्र रस्त्यावरची हवा फिल्टरशिवाय आत घेऊ नका.

टनभार:
आता पहिला शेरा. दीड टन कुठून आला, हे कागदावर दिसत नाही, आणि तो पुरणारही नाही.
माणसांची उष्णता (घामाची वाफ धरून) ३७ जणांची सुमारे ३.७ किलोवॅट. वरच्या मजल्याचा स्लॅब, भिंती आणि काचा मिळून ३ धरा, पण ते प्रत्यक्ष मोजून घ्या. दिवे-पंखे ०.३. बाहेर ३५ अंश व ५० टक्के आर्द्रता आणि आत २६ अंश व ५० टक्के असेल, तर ७७० घनमीटर हवेचा भार एकटाच ६.७ किलोवॅट, म्हणजे जवळपास २ टन. बेरीज १३.७, म्हणजे ३.९ टन. (१ टन = ३.५ किलोवॅट.)
इथेच एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर मागा. बाहेर जाणाऱ्या गार हवेकडून तो आत येणारी हवा आधीच थंड आणि कोरडी करून घेतो. ६० टक्के परतावा धरला तर ६.७ चे २.७ होतात आणि एकूण २.८ टन. म्हणजे दीड टनाचे दोन एसी. आत येणाऱ्या हवेच्या बाजूला मर्व्ह १३ किंवा आयएसओ १६८९० या फिल्टर मानकाप्रमाणे ईपीएम१ ५० टक्के (१ मायक्रॉनपर्यंतच्या कणांपैकी निम्मे तरी पकडणारा) फिल्टर लिहा, आणि फिल्टर बसवूनही ७७० घनमीटर मिळाले पाहिजेत अशी अट घाला.
त्याआधी स्लॅबवर उष्णतारोधक पांढरा लेप आणि खिडक्यांना बाहेरून सावली. आतले पडदे तेवढं काम करत नाहीत, कारण ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं.

सावली:
मग प्युरिफायर काढूनच टाकू का?

झरोका:
नाही, एक ठेवा. दार सतत उघडतं आणि बाहेर धूर असेल त्या दिवशी मर्व्ह १३ एकटा पुरत नाही: ०.३ ते १ मायक्रॉनच्या कणांसाठी त्याची हमी किमान ५० टक्क्यांचीच. सीएडीआर (यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) ४०० घनमीटर प्रतितास मागा, पण मधल्या वेगावरचा. जाहिरातीतला आकडा सर्वात वरच्या वेगाचा असतो. त्या वेगाला यंत्र इतकं घोंघावतं की शिक्षक ते बंद करतात, आणि बंद यंत्राचा सीएडीआर शून्य. वर्गातल्या पार्श्वभूमीच्या आवाजाची अमेरिकी मानकातली मर्यादा ३५ डेसिबल आहे. ती गाठणं अवघड असलं तरी तो आकडा निविदेत असू द्या. आयोनायझर आणि ओझोनवालं काहीही नको.

तरतूद:
तिसऱ्या शेऱ्यावर बहुतेक प्रस्ताव अडतात, आणि अडायलाच हवेत. २४ एसी प्रत्येकी १.६ किलोवॅट म्हणजे ३८ किलोवॅट नवा भार. मंजूर भार वाढवणं, सर्व्हिस केबल, पॅनेल, अर्थिंग आणि दर एसीला स्वतंत्र सी-कर्व्ह एमसीबी (सुरू होतानाचा जादा प्रवाह सोसणारा सुरक्षा स्विच) हे अंदाजपत्रकात नसेल, तर यंत्रं खोक्यात पडून राहतात. पाण्याच्या निचऱ्याचा पाइप आणि त्याचा उतारही लिहा, नाहीतर पाणी भिंतीत मुरतं.
निधी एकदाच मिळणारा असेल तर ५ वर्षांचा देखभाल करार आणि फिल्टरचे जादा संच खरेदीच्या करारातच घाला. वीजबिल त्यात बसत नाही. त्यासाठी वार्षिक युनिटांचा तक्ता आणि ते कोण भरणार याचा ठराव जोडा.
पुरावा म्हणून दोन आठवड्यांची नोंद द्या: तापमान आणि कार्बन डायऑक्साइड, दर पाच मिनिटांनी. सेन्सर एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने वायू मोजणाऱ्या) प्रकारचा, बसलेल्या मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकी आणि तोंडापासून मीटरभर लांब. आधी उघड्यावर ठेवून ४२०-४३० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) दाखवतो का बघा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या २०१८ च्या कूलर क्लासरूम्स या शाळांना एसी देणाऱ्या योजनेतही जानेवारीचं (तिथल्या उन्हाळ्याचं) सरासरी कमाल तापमान हाच निकष होता. आकडा बोलतो, "मुलांना फार उकडतं" हे वाक्य नाही.

सावली:
एवढं सगळं १२ खोल्यांना मंजूर होणं कठीण वाटतंय.

तरतूद:
मग टप्पे करा. स्लॅबचा लेप आणि वायरिंग बाराही खोल्यांना, यंत्रं आधी सर्वात तापणाऱ्या सहा-सात खोल्यांना, पण तिथे तिन्ही कामं पूर्ण. गारवा बारा खोल्यांना आणि ताजी हवा एकालाही नाही, अशी वाटणी मान्य करू नका.
आणि शेवटचं बिल देण्याआधी चाचणीची अट: वर्ग भरलेला असताना हवेचा प्रवाह मोजायचा, प्रत्येक प्युरिफायर उघडून फिल्टरवरचं प्लास्टिकचं वेष्टण काढलंय का ते पाहायचं. ते तसंच राहून यंत्र चालू असतं, हिरवा दिवाही लागतो, आणि कोणाच्याच लक्षात येत नाही.