विषय: सीरियाप्रश्नी खासदारांना मंडळाचं पत्र

प्रेषक: माजी अध्यक्ष
28 ऑगस्ट 2013, रात्री

सर्वांना नमस्कार,
सीरियावर कारवाई करायची का, यासाठी उद्या ब्रिटनच्या पार्लमेंटची तातडीची बैठक आहे. 21 तारखेला सीरियात दमास्कसजवळ घूटामध्ये विषारी वायूचा हल्ला झाला, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. पांढऱ्या चादरींत गुंडाळून ओळीने ठेवलेली लेकरं, अंगावर साधा ओरखडा नाही. लष्करी कारवाईला पाठिंबा देणारं चार ओळींचं पत्र मंडळातर्फे खासदारांना जावं असं मला वाटतं. 1971 मध्ये भारताने जगाची पर्वा न करता सैन्य घातलं म्हणून पूर्व बंगालमधली कत्तल थांबली. हे आपण नाही सांगायचं तर कोणी? हरकत असल्यास उद्या दुपारपर्यंत कळवावे.

प्रेषक: सभासद
29 ऑगस्ट, दुपारी

काका, नमस्कार.
माझी हरकत आहे, आणि ती मुख्यतः एक्काहत्तरच्या वाक्याला आहे. कुठेही बॉम्ब टाकायची चर्चा निघाली की आपल्याकडे पहिला दाखला तोच निघतो.

तेव्हा काय काय जुळून आलं होतं ते बघा. डिसेंबर 1970 च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या 162 सर्वसाधारण जागांपैकी 160 जिंकल्या होत्या. म्हणजे कारभार कोणाच्या हाती द्यायचा हे मतपेटीने आधीच सांगितलं होतं. त्यांचं हंगामी सरकार एप्रिलपासून उभं होतं. जवळपास एक कोटी निर्वासित आपल्याच हद्दीत आले होते, त्यामुळे भारताला 'तुमचा काय संबंध' असं कोणी विचारू शकत नव्हतं. मुक्तिवाहिनी, म्हणजे बंगाली लढवय्यांची फौज, आत लढत होती. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला होता. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की मार्च 1972 मध्ये आपलं सैन्य परत आलं.

आता सरकारचा ठराव वाचा, दीड पानाच्या वर नाही. रासायनिक अस्त्रांचा वापर रोखणं एवढंच उद्दिष्ट, त्याहून व्यापक कशालाही परवानगी नाही, असं त्यातच लिहिलंय. प्रत्यक्ष कारवाईआधी पुन्हा मतदान घेऊ असंही आहे. म्हणजे क्षेपणास्त्रं टाकायची, पण सीरियाचा राष्ट्राध्यक्ष असद जागेवर, त्याच्या तोफा जागेवर. आजवर लाखाच्या वर माणसं तिथे मेली, त्यातली बहुतेक साध्या गोळ्यांनी आणि तोफांनीच. त्यांच्यासाठी या ठरावात काय आहे?

दाखला द्यायचाच तर त्याच सैन्याचा, सोळा वर्षांनंतरचा द्या. 29 जुलै 1987 ला कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला. भारताची शांतिसेना श्रीलंकेत तमिळांच्या रक्षणासाठी गेली आणि ऑक्टोबरात एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशीच लढू लागली. त्याच महिन्यात जाफन्याच्या रुग्णालयात रुग्ण आणि डॉक्टर मारले गेले, आपल्या जवानांच्या गोळ्यांनी. 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन नोव्हेंबरात पडले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. जवळजवळ बाराशे जवान गमावून मार्च 1990 मध्ये आपण परतलो, तेही श्रीलंकेच्याच राष्ट्राध्यक्षांनी 'आता निघा' म्हटल्यावर. हेतू तेव्हाही चांगलाच होता हो. आपल्याकडे डिसेंबर आला की विजय दिवस होतो, शांतिसेना परतली तो चोवीस मार्च कोणाच्या लक्षातही नसतो.

पत्र पाठवायचंच तर पहिल्या हल्ल्यानंतर काय करणार, एवढं विचारणारं पाठवू. त्यावर मी सही करेन.

प्रेषक: सभासद, ग्रंथालय समिती
29 ऑगस्ट, संध्याकाळी

दोघांनाही नमस्कार. 'नंतर काय' हा प्रश्न रास्त आहे, पण तो काही न करण्याची सोय होऊन बसतो. मार्च 1988 मध्ये इराकमधल्या हलब्जात सद्दामने विषारी वायू सोडला, सुमारे पाच हजार कुर्द गेले. तेव्हा सद्दाम सोयीचा होता, म्हणून सगळे गप्प बसले. विषारी वायूवर जिनिव्हाची बंदी 1925 ची आहे, सीरियाने ती 1968 मध्ये मान्यही केलीय. मोडणाऱ्याला काहीच होणार नसेल तर ती बंदी कशाला ठेवायची?

संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांचा अहवाल येऊ द्या म्हणणाऱ्यांनाही एक सांगते. वायू वापरला का, एवढंच त्यांनी शोधायचंय. कोणी वापरला हे त्यांच्या कामात बसतच नाही. सोमवारी त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या, तरी ते जाऊन नमुने घेऊन आले.

आणि सुरक्षा परिषदेचं म्हणाल, तर डिसेंबर 1971 मध्ये सोव्हिएत नकाराधिकार तीनदा आपल्यासाठी वापरला गेला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. आता सीरियावर रशियाने तीनदा तोच वापरलाय.

प्रेषक: सभासद
30 ऑगस्ट, सकाळी

ताई, हलब्जाचं पटलं आणि नकाराधिकाराचा टोला बसला. तरीही 'शिक्षा' म्हणून केलेला हल्ला खालच्या माणसाला वाचवतो का, याचं उत्तर मला तुमच्या मेलमध्ये सापडलं नाही.

रात्रीचा निकाल सगळ्यांना कळला असेलच: सरकारच्या ठरावाच्या बाजूने 272, विरोधात 285. खुद्द पंतप्रधान कॅमेरन यांच्या पक्षातले तीसजण विरोधात गेले. मात्र याला शांततावाद्यांचा विजय म्हणू नका. विरोधी पक्षनेते मिलिबँड यांची ठरावावरची दुरुस्तीही पडली, आणि तिच्यात पुरावे आल्यावर कारवाईला दार उघडंच होतं. सभागृहात काल खरं भूत होतं ते इराकचं. 2003 मध्ये गुप्तचरांच्या कागदावर विश्वास ठेवून इराक युद्धाला मत दिलेली कितीतरी मंडळी तिथे बसली होती. या वेळी गुप्तचर समितीचं पत्र आलं, असद राजवट जबाबदार असण्याची 'दाट शक्यता' आहे असं सांगणारं. ते खरंही असेल. पण एकदा दुधाने तोंड पोळलेलं.

प्रेषक: माजी अध्यक्ष
30 ऑगस्ट, दुपारी

मंडळाचं पत्र गेलं नाही, कारण एकमत नव्हतं. माझं व्यक्तिगत पत्र कालच गेलं, एक्काहत्तरच्या वाक्यासकट. शांतिसेनेचं तू लिहिलंस ते सगळं खरं आहे, पण एका डावात हरल्यावर खेळायचंच नाही हे मला मान्य नाही. ओबामा काय करतात ते पाहू. खासदारांचं उत्तर आलं की इथे टाकतो.