ठोक्यांवर नाशिक ढोल बसवताना

हृदयाचे ठोके फोनवर रेकॉर्ड करून त्यावर नाशिक ढोल बसवला तर ताल यांत्रिक का वाटतो, असा एकाचा प्रश्न आहे. कारण बहुधा हे की ठोक्यातले दोन्ही आवाज, ‘लब’ आणि ‘डब’, समान अंतरावर ठेवले जातात. मिनिटाला ७२ ठोके असतील तर एक ठोका साधारण ८३० मिलिसेकंदांचा. त्यात ‘लब’ ते ‘डब’ सुमारे ३००, उरलेला वेळ शांतता. म्हणजे ठोक्याचे आठ भाग केले तर ‘लब’ पहिल्यावर, ‘डब’ चौथ्यावर. ३ + ५, फार सुंदर वजन आहे हे! ‘लब’ खर्जातला आणि लांब, तो ढोलाच्या खर्जाच्या बाजूला द्या. ‘डब’ आखूड आणि किंचित चढा, तो चढ्या बाजूला.

पण लय वाढवताना सगळं एकसारखं दाबू नका. नाडी १२० ला गेली की ‘डब’नंतरची शांतता जास्त आटते, ‘डब’ ठोक्याच्या जवळपास निम्म्यावर येतो. नुसता टेम्पो वाढवला तर धाप लागल्यासारखं वाटतच नाही. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात; ही ओढाताण क्वांटाइझ करून (म्हणजे सॉफ्टवेअरने ठोके समान अंतरावर बसवून) पुसू नका, जीव तिच्यातच आहे.

रेकॉर्डिंगसाठी स्टेथोस्कोपच्या नळीत छोटा कॉलर माइक घट्ट बसवा. फोनचं नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर ते ठोकेच कापतं. नाशिकच्या गंगापूर रोडसारख्या वाहत्या रस्त्यालगत घर असेल तर रात्री उशिरा करा: ट्रकची घरघरही त्याच खालच्या पट्टीत असते, नंतर वेगळी काढता येत नाही.