लाकडी घाण्याचं तेल : "१००% शुद्ध", डॉक्टरांची शिफारस, उलटं घड्याळ... यातलं जाहिरातीत काय चालतं?

घाणा_सातारा

नमस्कार मंडळी. शेंगदाणा, करडई आणि तीळ अशी तीन तेलं लाकडी घाण्यावर काढून बाटलीबंद विकायची आहेत. आधी साताऱ्यातली दुकानं आणि व्हॉट्सॲप, दिवाळीपासून स्वतःची वेबसाइट. अन्न परवाना हातात आहे, लेबल अजून छापायला दिलेलं नाही. जाहिरात एजन्सीचा मसुदा असा आहे:

– "१००% शुद्ध, सेंद्रिय, केमिकल फ्री"
– "कोलेस्टेरॉल फ्री, हृदयरोग आणि मधुमेहावर गुणकारी, डॉक्टरांची पसंती"
– "रिफाइंड तेल म्हणजे विष, आजच सोडा"
– छापील किंमत रु. ६९९, त्यावर काट मारून रु. ३९९
– वेबसाइटवर पंधरा मिनिटांचं उलटं घड्याळ आणि "फक्त ३ बाटल्या शिल्लक"
– पहिल्याच आठवड्यात पन्नास पाचतारांकित अभिप्राय, ते एजन्सीच आणून देणार

एजन्सीचं म्हणणं, सगळे हेच करतात. यातलं काय कायद्याने चालतं, काय नाही? आणि हे सगळं गाळलं तर रु. १९० लिटरने "लाकडी घाण्याचं" तेल विकणाऱ्यासमोर टिकायचं कसं?

लेबलतपासनीस

लेबल छापलेलं नाही, हे फार बरं झालं. मी फक्त शब्दांबद्दल लिहितो. मोजमाप आणि वेबसाइटवर इतर जाणकार बोलतील.

खाद्यपदार्थांच्या दाव्यांना एफएसएसएआयचे (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०१८ चे जाहिरात व दावे नियम लागू होतात. त्यांत "शुद्ध" हा शब्द बंद नाही. एकाच घटकाचा पदार्थ असेल आणि त्यात बाहेरचं काही घातलं नसेल तर तो वापरता येतो. निव्वळ शेंगदाण्याचं तेल या व्याख्येत बसतं. "१००%" मात्र काढा. मे २०२५ मध्ये एफएसएसएआयने खाद्यपदार्थांच्या लेबलवर आणि जाहिरातीत हा आकडा वापरू नये अशी सूचना काढली. तो नियमांत कुठे व्याख्याबद्ध नाही आणि बाकीचे उत्पादक भेसळ करतात असं त्यातून सुचतं, ही त्यामागची कारणं.

"शुद्ध" छापायचंच असेल तर घाण्यावर लक्ष ठेवा, कारण चूक बहुधा तिथेच होते. तीळ काढल्यावर त्याच उखळीत शेंगदाणा घातला तर पहिल्या तेलात तिळाचा अंश उतरतो. बोडोइन चाचणी तिळाच्या तेलाला गुलाबी रंग देते आणि ती चांगलीच संवेदनशील आहे. भेसळीचा हेतू नसतानाही अहवालात तीळ दिसेल. क्रम ठरवून घ्या: शेंगदाणा आणि करडई आधी, तीळ शेवटी, मग उखळ आणि त्यात फिरणारी लाट (दाबणारा लाकडी दांडा) घासून साफ. बदलानंतर निघणारं पहिलं तेल बाटलीत भरू नका.

"सेंद्रिय" हा शब्द प्रमाणपत्राशिवाय छापता येत नाही. एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र आणि सेंद्रिय मालाचं जैविक भारत हे चिन्ह लागतं. शेतकऱ्याने फवारणी केली नाही असं तोंडी सांगितलं, एवढ्यावर भागत नाही. लहान शेतकऱ्याला थेट ग्राहकाला विकताना जी सूट आहे, ती बाजारातून दाणे घेऊन तेल काढणाऱ्याला मिळत नाही.

"केमिकल फ्री"ला शास्त्रीय अर्थच नाही. म्हणायचं आहे ते सरळ लिहा: "तेल काढताना द्रावक वापरलेलं नाही. रिफायनिंग, ब्लीचिंग केलेलं नाही." हे खरं आहे, पटतं आणि कोणी विचारलं तर घाणा दाखवून सिद्धही होतं.

"कोलेस्टेरॉल फ्री" हा अर्धसत्याचा नमुना. कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असतं. तुमच्याच बाटलीची ती खासियत असल्यासारखं लिहिलं की दिशाभूल होते. लिहायचंच तर तो गुण तुमच्या बाटलीचा नाही, अशा तेलांचा मुळातलाच आहे, असं वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

हृदयरोग, मधुमेह आणि डॉक्टर ही तिन्ही लगेच खोडा. अन्नपदार्थ रोग बरा करतो किंवा टाळतो असा दावा करता येत नाही, आणि वैद्यकीय व्यावसायिकांनी शिफारस केली असं सुचवताही येत नाही. खरोखरच एखाद्या डॉक्टरांनी शिफारस केली असली तरी नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

"रिफाइंड म्हणजे विष" हेही चालणार नाही. दुसऱ्या उत्पादकाच्या मालाला कमी लेखून आपला माल पुढे करू नये, असं तेच नियम सांगतात. शिवाय ते खरंही नाही. दाण्यांना बुरशी असेल तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष घाण्याच्या तेलात उतरू शकतं, रिफायनिंगमध्ये ते बरंचसं निघून जातं. दाणे निवडण्याची जबाबदारी म्हणूनच तुमच्यावर जास्त आहे. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे बाजूला काढता हे लेबलवर लिहा. ती एक ओळ "विष"पेक्षा जास्त काम करेल.

मापात_पाप_नको

तेलात सर्वांत जास्त फसवणूक किलो आणि लिटर यांच्या मधल्या फटीत होते. शेंगदाणा तेलाची घनता साधारण ०.९१. म्हणजे १ लिटर तेल ९१० ग्रॅमच्या आसपास. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा दुकानात शेजारी ठेवले तर बघणाऱ्याला सारखेच वाटतात, पण दुसऱ्यात १३.६५ किलोच तेल असतं. लिटरचा डबा रु. २४०० आणि किलोचा रु. २५०० असेल तर गिऱ्हाईक शंभर रुपये वाचले म्हणून लिटरचा उचलतं. प्रत्यक्षात लिटरवाला किलोला रु. १७५.८० पडला आणि किलोवाला रु. १६६.७०.

दुसरी युक्ती तापमानाची. तेल तापलं की फुगतं. "६०° से.ला १ लिटर" असं बारीक अक्षरात छापलं की कमी वजनात लिटर भरतं. सोयाबीन तेलाचं १ लिटर २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना सुमारे ८९२ ग्रॅम. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेल उत्पादकांना तापमानाचा उल्लेख न करता निव्वळ प्रमाण छापा आणि सोबत वजनही द्या, असं सांगितलं ते यामुळेच. तुम्ही "१ लिटर / ९१० ग्रॅम" छापा आणि भरताना माप न बघता वजन बघा. रिकाम्या बाटलीचं वजन शून्य करून प्रत्येक बाटली काट्यावर, आणि काट्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का.

पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत, निव्वळ प्रमाण, एककाची किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, निर्मितीचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हे सगळं लागतं. एककाची किंमत बरेच छोटे उत्पादक विसरतात. खरं तर ती तुमच्याच बाजूने बोलते.

आता रु. १९० वाल्याचा हिशोब. लाकडी घाण्यावर चांगल्या दाण्यांचा उतारा ४०% धरा. ९१० ग्रॅम तेलाला २.२७५ किलो दाणे लागले. दाणे रु. १२० किलो धरले तर रु. २७३. पेंड साधारण १.३ किलो निघते, ती रु. ४० ने गेली तर रु. ५२ परत आले. म्हणजे रु. २२१ वर फक्त दाणे पडले. अजून मजुरी, वीज, गाळण, बाटली, लेबल आणि दुकानदाराचं मार्जिन बाकी आहे. रु. १९० ला विकणारा एकतर दुसरं तेल मिसळतो, नाहीतर एक्सपेलरचं (लोखंडी यंत्रात दाबून काढलेलं) तेल घाण्याच्या नावाने देतो. त्याचं नाव घेऊ नका. हाच हिशोब स्वतःच्या आकड्यांनी मांडून दुकानात पाटीवर लावा, "एका लिटरला किती दाणे" एवढंच शीर्षक. दर बदलला की पाटीही बदला. जुन्या दराची पाटी लावून ठेवली तर ती जाहिरातही खोटीच ठरते.

धंदा_आधी

सगळं ठीक आहे हो, पण रु. ६९९ वर काट मारून ३९९ हे झाडून सगळे करतात. गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. त्यात कोण फसतं?

मापात_पाप_नको

@धंदा_आधी, ठाऊक असतं तर काट मारायची गरजच पडली नसती. रु. ६९९ ला एकही बाटली गेलेली नसताना तो आकडा दाखवणं म्हणजे किमतीबद्दल दिशाभूल. सूट द्यायची तर आधी खऱ्या किमतीला विक्री झालेली असावी आणि त्याची बिलं दाखवता आली पाहिजेत. या धंद्यात एक रोकडी अडचणही आहे. दुकानदार छापील किंमत बघून मार्जिन मागतो. रु. ६९९ छापलंत तर तो तुमच्याच वेबसाइटवरचे ३९९ दाखवून भांडेल, किंवा गावातल्या म्हाताऱ्या माणसाला बाटली ६९९ ला देईल. मग शिव्या तुमच्या नावाला.

डिजिटल_दिंडी

वेबसाइटचं मी घेते. घड्याळ आणि "३ बाटल्या शिल्लक" यांना खोटी घाई म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला वेबसाइटवरच्या १३ फसव्या रचनांची (डार्क पॅटर्न) यादी काढली, त्यात ही आहे. पान पुन्हा उघडल्यावर घड्याळ परत पंधरा मिनिटांवर आलं की तो पुरावाच, ग्राहक स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवतात.

त्याच यादीतल्या आणखी तीन गोष्टी वेबसाइटच्या तयार थीममध्ये (साच्यात) आधीच चालू असतात, म्हणून वेबसाइट सुरू करण्याआधी तपासा. एक, टोपलीत आपोआप पडणारी देणगी किंवा "पार्सल विमा". खूण ग्राहकाने करायची, तुम्ही नाही. दोन, शेवटच्या पानावर उगवणारं पॅकिंग आणि कॅश ऑन डिलिव्हरीचं शुल्क. बाटलीच्या पानावरच पिनकोड घेऊन एकूण रक्कम दाखवा. काचेच्या बाटलीला कुरिअर महाग पडतं, ते लपवण्याचा मोह इथेच होतो. तीन, सूट नाकारायच्या बटणावर "नको, मला आरोग्याची पर्वा नाही" असली वाक्यं. ग्राहकाला लाजवून विकणं, हेही यादीत आहे.

बाटलीबरोबर काही "फ्री" म्हणजे मोफत देणार असाल तर २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या मार्गदर्शक सूचना वाचा. २५० मिलि तिळाचं तेल मोफत म्हणून पॅकिंग-हाताळणीचे पैसे घेतले तर ते मोफत राहत नाही. प्रत्यक्ष पोहोचवण्याचा खर्च घेता येतो, पण तो जाहिरातीतच सांगायचा. त्याच सूचनांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरात असावा. वर ठळक मराठीत "मोफत" आणि खाली चांदणीजवळ मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, हे चालत नाही. मराठी जाहिरातींत ही चूक फार दिसते.

पन्नास अभिप्राय साफ नाही. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय टाकायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे, आणि स्वतःची वेबसाइटही त्यात येते. ऑर्डर पोहोचल्यावर दहा-बारा दिवसांनी, म्हणजे बाटली निम्मी वापरून झाल्यावर, प्रत्येकाला एकच निरोप पाठवा: "तेल कसं वाटलं? तक्रार असेल तर तीही लिहा." खूश ग्राहक निवडून पाठवू नका. गूगलवरच्या अभिप्रायासाठी कूपन देऊ नका, त्यांच्या धोरणात ते बसत नाही. "तळाशी गाळ आहे" असा दोन ताऱ्यांचा अभिप्राय येणारच. तो काढू नका, खाली उत्तर लिहा: तेल किती तास निवळत ठेवलं, कशाने गाळलं आणि थोडा गाळ का राहतो. नवख्या ग्राहकाला त्या उत्तरातून कळतं की घाणा खरा आहे.

घाई दाखवायचीच असेल तर खरी दाखवा. "गुरुवारचा घाणा, ६० बाटल्या", आणि शिल्लक आकडा थेट साठ्याला जोडलेला. संपल्या की विक्री बंद.

घाणा_सातारा

सगळ्यांचे आभार. मसुद्यातलं निम्म्याहून जास्त गेलं! आणखी दोन शंका. स्वयंपाकाचे व्हिडिओ करणाऱ्या एका ताईंना तेल फुकट पाठवणार आहोत, पैसे देणार नाही. तरी "जाहिरात" लिहावं लागेल का? आणि प्रयोगशाळेतून नेमकं काय तपासून घ्यायचं?

डिजिटल_दिंडी

हो, लिहावं लागेल. फुकट माल हाही मोबदलाच. व्हिडिओ सुरू होतानाच मराठीत "जाहिरात" असं दिसलं पाहिजे, बोलूनही सांगावं. वर्णनात वीस हॅशटॅगच्या शेवटी लपवलेलं चालत नाही. आणि ताईंनी तेल खरंच वापरलेलं हवं. न वापरता केलेल्या शिफारशीसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ खाली शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा घडलं तर ५० लाखांपर्यंत, शिवाय शिफारशीवर एक वर्षापर्यंत बंदी, पुन्हा घडलं तर तीन वर्षांपर्यंत. काय बोलायचं नाही याची यादी लेखी द्या: रोग, वजन कमी होणं, रिफाइंडची निंदा. व्हिडिओच्या ओघात "माझी शुगर कमी झाली" असं त्या बोलून गेल्या तरी दावा तुमच्या बाटलीचाच धरला जातो.

लेबलतपासनीस

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची आणि एफएसएसएआयच्या यादीतली निवडा. शेंगदाणा तेलाला आयोडीन मूल्य (तेल किती असंतृप्त आहे त्याचा आकडा, ८५ ते ९९), बेलियर चाचणी (तेलाचं द्रावण थंड होताना गढूळ होण्याचं तापमान, ३९ ते ४१° से.), आम्लमूल्य (तेलात सुटी झालेली आम्लं), बोडोइन आणि अफ्लाटॉक्सिन मागा. पाम किंवा इतर स्वस्त तेल मिसळलं असेल तर आयोडीन आणि बेलियरचे आकडे सहसा सरकतात. करडईचं आयोडीन मूल्य याहून बरंच वर असतं, पण बियाणं जास्त ओलेइक आम्लाच्या वाणाचं असेल तर ते खाली येतं आणि अहवाल विनाकारण संशयास्पद दिसतो. म्हणून बियाण्याचं बिल आणि वाणाचं नाव जपून ठेवा.

अहवाल त्या नमुन्यापुरता असतो. जानेवारीचा अहवाल दाखवून ऑक्टोबरचं तेल "तपासलेलं" म्हणू नका. बाटलीवर बॅच क्रमांक असतोच, वेबसाइटवर अहवाल त्याच क्रमांकाखाली लावा. प्रत्येक बॅचची २५० मिलि बाटली सील करून अंधारात ठेवा, तेलाची मुदत संपल्यावर आणखी तीन महिने. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर गेली किंवा नोटीस आली तर ती बाटली, दाण्यांचं बिल आणि त्या दिवशीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट एवढं लागतं. एजन्सीशी करार करताना एक कलम घाला: तुमच्या लेखी मंजुरीशिवाय जाहिरातीतला एकही शब्द बदलायचा नाही.